फ्रेजल व्हर्ब पाठ आहेत, तरी कॉलवर कळत का नाहीत?

तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात सांगते. मराठी माध्यमातून शिक्षण, पुण्यात सॉफ्टवेअर सपोर्टची नोकरी, पाचशे फ्रेजल व्हर्बची (क्रियापद आणि त्यामागचा 'ऑफ', 'अप'सारखा छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ होतो ते, जसं 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं) एक पीडीएफ दोनदा पाठ. कुणी अर्थ विचारला तर पटकन सांगता येतो, पण अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल सुरू झाला की अर्धं डोक्यावरून जातं आणि स्वतः बोलताना त्या पाचशेतलं एकही तोंडात येत नाही. मध्यंतरी क्लायंट म्हणाला, 'लेट्स होल्ड ऑफ ऑन द रिलीज', म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एवढ्यात काढायची नाही. तुम्हाला ऐकू आलं 'होल्ड ऑन', म्हणजे जरा थांबा. तुम्ही जरा थांबलात आणि रिलीज करून टाकलंत. आता विचारताय की रोज किती पाठ करावेत, आणि पाचशेऐवजी हजारांची यादी घ्यावी का.

हजारांची घेऊ नका. नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना इंग्रजी शिकवणं हे बरीच वर्षं माझं काम आहे, आणि पाठांतर कमी पडलं म्हणून अडलेला माणूस मला क्वचितच भेटला. तुम्ही ज्याला एक अडचण म्हणताय त्या खरं तर तीन आहेत. कानाला तो शब्द सुटा सापडत नाही. सापडला तर त्याच्या चार अर्थांपैकी कोणता, ते ठरत नाही. आणि बोलताना वाक्यात तो कुठे बसवायचा ते हाताशी नसतं. यादी वाढवून यातलं एकही सुटणार नाही.

सगळ्यांना हेच उत्तर लागू नाही, तेही सांगते. बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला बसणाऱ्याला रिकाम्या जागेत 'ऑफ' घालायचं की 'आउट' एवढंच ठरवायचं असतं. त्याने यादी जरूर पाठ करावी, त्याचे मार्क त्यातूनच येणार. लग्न होऊन लंडनला गेलेल्या मुलीला दुकानात, डॉक्टरकडे, मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी जे कानावर पडतं ते वेगळं. तुमचं क्षेत्र त्यामानाने अरुंद आहे, आणि हे तुमच्या फायद्याचं आहे: सपोर्टच्या कॉलवर तेच तेच साठ-सत्तर फिरून फिरून येतात. तेव्हा पुढचं सगळं कॉल आणि मेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी अर्थाचं बघू, कारण तिथेच माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. 'गो ऑफ' घ्या. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजला. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. 'द बाँब वेंट ऑफ' म्हणजे स्फोट झाला. 'द मिल्क वेंट ऑफ' असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर दूध नासलं. यादीत हे चार अर्थ एकाखाली एक छापलेले असतात आणि विद्यार्थी म्हणतो, ही काय भाषा आहे!

आता आपलं 'लागणे' बघा. भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, निकाल लागला, ठेच लागली, वेड लागलं, वेळ लागला, डोळा लागला. घाटात गाडी लागली तर उलटी होते आणि स्टेशनवर गाडी लागली तर आपण बॅगा उचलतो. 'लागणे'चे हे अर्थ तुम्ही कधी पाठ केलेत? नाही केलेत. काय लागलं, त्यावरून अर्थ आपोआप ठरला, कारण तुम्ही 'लागणे' एकटं कधी शिकलाच नाहीत. ते नेहमी कुणाचा तरी हात धरून आलं. इंग्रजी माणसाच्या डोक्यातही 'गो ऑफ' एकटं राहत नाही. ते अलार्मबरोबर एक असतं आणि दुधाबरोबर दुसरं. म्हणून वहीत 'गो ऑफ: वाजणे, विझणे, फुटणे, नासणे' असं लिहिलं तर उपयोग जवळजवळ शून्य. 'द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' असं एक अख्खं वाक्य लिहिलं तर ते लक्षात राहतं आणि तोंडातही येतं.

दुसरी गोष्ट मराठी माणसाला कुणी सांगत नाही: ही सवय आपल्याला जन्मापासून आहे. वर मी लिहिलं की तुम्ही रिलीज 'करून टाकलंत'. त्यात तुम्ही काहीही टाकलेलं नाही. 'टाकणे'ने आपला मूळ अर्थ सोडला आणि 'एकदाचं संपवलं' एवढा भाव आणला. करून पाहिलं, करून ठेवलं, करून घेतलं, करून दिलं, करून बसला. एकच 'करणे', पण मागच्या क्रियापदाने दरवेळी रंग बदलला. 'करून बसला' यात तर पश्चात्तापही आला, आणि तो परक्या माणसाला शिकवताना आपल्याला घाम फुटेल. इंग्रजीत हेच काम 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन' करतात. खाऊन टाक म्हणजे 'ईट अप'. लिहून घे म्हणजे 'राइट डाउन'. करून बघ म्हणजे 'ट्राय आउट'. देऊन टाक म्हणजे 'गिव्ह अवे'.

याहून जवळची जोडीही आपल्याकडे आहे. परीक्षा पुढे ढकलली, यात कुणी काही ढकललेलं नसतं. तक्रार मागे घेतली. जबाबदारी पार पाडली. शंभर मुलींत ती उठून दिसते, मग ती बसलेली का असेना. कौतुकाने तो वाहवत गेला. यांच्या जागी इंग्रजीत अनुक्रमे 'पुट ऑफ', 'टेक बॅक', 'कॅरी आउट', 'स्टँड आउट' आणि 'गेट कॅरीड अवे' येतात. शब्दाला शब्द जुळतो असा दावा मी करत नाही, बऱ्याच ठिकाणी जुळणार नाही. पण 'मागचा शब्द स्वतःचा अर्थ सोडून अख्ख्या क्रियापदाला वळण देतो' ही कल्पना तुम्हाला नवी नाही. वर्गात हे सांगितलं की माणसं यादीकडे जरा कमी भीतीने बघतात, एवढं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

इंग्रजांनाही हे प्रकरण परक्यांसाठी अवघड आहे याची कल्पना फार पूर्वीपासून होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच तो म्हणतो की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी माणसाला सगळ्यात जास्त छळते. तेव्हा या प्रकाराला 'फ्रेजल व्हर्ब' हे नावही नव्हतं; छापील मजकुरात ते रुळलं लेखक लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्यामुळे, १९२५ नंतर.

याद्यांवर माझा राग आहे तो त्यांच्या मांडणीवर. बहुतेक याद्या पुढच्या क्रियापदाने लावलेल्या असतात: गेट अप, गेट ओव्हर, गेट अवे, गेट बाय, गेट अलाँग, गेट थ्रू. एका बैठकीत सहा 'गेट' पाठ केले की दुसऱ्या दिवशी सहाही एकमेकांत मिसळतात. आणि 'गेट'मध्ये अर्थ असतो तरी किती? अर्थाचा मोठा भाग मागच्या शब्दात असतो. म्हणून मी उलट बाजूने लावते.

'ऑफ' घ्या, कारण तुमचा घोटाळा तिथलाच. 'ऑफ'मध्ये बहुतेक वेळा तुटणं, सुटणं किंवा लांब जाणं असतं. विमान जमीन सोडतं, 'टेक ऑफ'. कुणाला स्टेशनवर सोडलं, 'ड्रॉप ऑफ'. वीज तोडली, 'कट ऑफ'. दिवा बंद केला, 'स्विच ऑफ'. ठरलेली गोष्ट आपल्यापासून लांब सारली, 'पुट ऑफ'. ठरलेली गोष्ट मोडलीच, 'कॉल ऑफ'. आणि हात राखून लांब राहिलो, एवढ्यात करायचं नाही, 'होल्ड ऑफ'. उलट 'ऑन'मध्ये चिकटून राहणं, चालू ठेवणं येतं: 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', 'गो ऑन', आणि फोन न ठेवता धरून राहा म्हणून 'होल्ड ऑन'. हे दोन गट एकदा असे शेजारी ठेवले की 'होल्ड ऑफ' आणि 'होल्ड ऑन' एकाच दिशेचे वाटणार नाहीत.

'अप' सगळ्यात पसरलेला आहे. वर जाणं तर आहेच, पण कामाच्या इंग्रजीत त्याचे दोन उपयोग जास्त भेटतात. एक, पुरतं संपवणं: 'यूज अप', 'क्लीन अप', 'फिनिश अप'. दुसरा, अचानक समोर येणं: 'शो अप', 'टर्न अप', 'कम अप'. 'समथिंग केम अप' म्हणजे मध्येच काहीतरी काम निघालं. 'आउट'मध्ये आतलं बाहेर येतं, म्हणून दडलेलं कळलं की 'फाइंड आउट' आणि डोकं चालवून उलगडलं की 'फिगर आउट'. साठा बाहेर वाहून संपला की 'रन आउट'. आपल्याकडे 'रन आउट' म्हटलं की डोळ्यांसमोर स्टंप येतात, पण 'वी रॅन आउट ऑफ डिस्क स्पेस' असं कुणी म्हणालं तर त्यात बाद कुणी झालेलं नाही, जागा संपली आहे. 'डाउन'मध्ये उतरणं, कमी होणं किंवा बंद पडणं. 'बॅक'मध्ये परत. 'ओव्हर'मध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणं, म्हणून 'हँड ओव्हर', 'टेक ओव्हर'. 'थ्रू'मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बहुधा जरा त्रास काढून.

हे नियम नव्हेत, कल आहेत. अलार्म 'ऑफ' होऊन वाजतो तो का, याचं समाधानकारक उत्तर या कलांमधून मिळत नाही. अशा ठिकाणी वाद न घालता वाक्य लिहून घ्यावं आणि पुढे जावं. आणि 'अप'च्या उलट 'डाउन' असेल असं धरून चालू नका. आवाज 'टर्न अप' केला तर वाढतो आणि 'टर्न डाउन' केला तर कमी होतो, इथवर ठीक. पण माणूस 'टर्न अप' झाला म्हणजे उगवला आणि ऑफर 'टर्न डाउन' केली म्हणजे नाकारली.

आता किती शिकायचे? २००७ मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा इंग्रजी मजकुराचा साठा तपासला. त्यात फ्रेजल व्हर्ब जितक्या वेळा आले, त्यातले निम्म्याहून जास्त वेळा फक्त पहिले १०० आले. पहिला 'गो ऑन', मग 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पिक अप' अशी रांग. ऐकून बरं वाटतं ना? पण त्याच अभ्यासात या १०० चे अर्थ मोजले ते ५५९ भरले, म्हणजे एकेकाचे सरासरी साडेपाचहून जास्त. म्हणजे तुमचा खरा भार फ्रेजल व्हर्बच्या संख्येचा नाही, एकेकाच्या अर्थांचा आहे. सुदैवाने त्या सगळ्या अर्थांचा वापर सारखा होत नाही. बहुतेकांचे एक-दोनच अर्थ रोज लागतात. पाचशे फ्रेजल व्हर्बचा प्रत्येकी एक अर्थ येण्यापेक्षा ऐंशीचे रोजचे अर्थ वाक्यांसकट येणं तुमच्या कामाला कितीतरी जास्त उपयोगाचं.

अर्थ कळला तरी कानाला का सापडत नाही, हा तुमच्या तक्रारीचा सगळ्यात मोठा भाग आहे आणि याद्यांत त्याच्याबद्दल एक ओळही नसते. कागदावर तीन सुटे शब्द असतात: फिगर, इट, आउट. अमेरिकन माणूस बोलतो तेव्हा एकच सलग आवाज येतो: 'फिगरिडाउट'. मधला 'ट' मऊ होऊन 'ड'सारखा होतो. 'पुट इट ऑफ'चं 'पुडिडॉफ' होतं, 'चेक इट आउट'चं 'चेकिडाउट'. आणि तुमचा 'होल्ड ऑफ ऑन'? तो भरभर म्हणून बघा: 'होल्डॉफॉन'. मधला 'फ' निसटला की उरतं 'होल्ड ऑन'. म्हणजे तुमच्या कानाने जे ऐकलं ते फारसं चुकीचं नव्हतं. तिथे असा दुसरा फ्रेजल व्हर्ब असू शकतो हे डोक्यात नव्हतं, म्हणून ओळखीचा होता तो त्याने उचलला.

याच्याशीच निगडित आहे जोर. 'होल्ड ऑफ', 'फिगर आउट', 'गिव्ह अप' यांत जोर मागच्या शब्दावर पडतो. मराठीत एखाद्या शब्दावर जोर दिला तर ठासून सांगितल्यासारखं होतं, पण शब्दाचा अर्थ त्याने बदलत नाही, म्हणून आपला कान जोराकडे फारसं लक्ष देत नाही. बोलतानाही आपण 'गिव्ह' ठासून म्हणतो आणि 'अप' गिळतो. समोरच्याला मग आपलं बोलणं पुन्हा विचारावं लागतं. जोर मागे द्यायची सवय स्वतःच्या तोंडाला लावली की कानालाही ती लागते.

त्यासाठी एकच व्यायाम सांगते, कंटाळवाणा आहे पण चालतो. जिथे खरी माणसं खरं बोलतात असा एखादा मिनिटाचा तुकडा घ्या. तुमच्याच कंपनीच्या जुन्या कॉलचं रेकॉर्डिंग असेल आणि ते ऐकायची परवानगी असेल तर उत्तमच. थांबवत थांबवत शब्दन् शब्द लिहून काढा आणि मग ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघा. जिथे तुमचं कोरं राहिलं किंवा चुकलं तिथे बहुतेक वेळा फ्रेजल व्हर्बच असेल. त्याच्यावर खूण करा, तोच तुकडा पुन्हा ऐका आणि त्याच वेगात मोठ्याने म्हणा. मनात नाही, मोठ्याने. घरच्यांना दोन दिवस विचित्र वाटेल. ट्रान्सक्रिप्ट मशिनने काढलेली असेल तर तिच्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. मागचा शब्द तीही चुकते.

बोलताना लागणारं व्याकरण थोडंच आहे. 'कॉल ऑफ द मीटिंग' चालतं आणि 'कॉल द मीटिंग ऑफ' हेही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'कॉल इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' कुणी म्हणत नाही. 'टर्न इट ऑफ', 'सेट इट अप', 'फिगर इट आउट', 'पिक देम अप', सगळे याच चालीचे. दुसरा गट हलत नाही: 'लुक इनटू इट', 'लुक आफ्टर हर', 'रन इनटू अ प्रॉब्लेम'. कोणता कुठल्या गटातला हे कसं ओळखायचं? जोर मागच्या शब्दावर असेल तर बहुधा तो हलणारा, जोर क्रियापदावर असेल ('लुक इनटू'मध्ये 'लुक' जड येतं) तर बहुधा न हलणारा. अर्थात ज्याला कर्मच लागत नाही, जसं 'शो अप', तिथे हा प्रश्नच येत नाही. शंका वाटली तर शिकणाऱ्यांसाठीचा कोणताही चांगला ऑनलाइन शब्दकोश उघडा. तिथे 'समथिंग' हा शब्द मध्ये दिला आहे की शेवटी, एवढं बघितलं की उत्तर मिळतं.

मेलसाठी दोन गोष्टी. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नाही, 'मीटिंग': 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. आणि क्रियापद असताना शब्द सुटे लिहायचे, नाम असताना जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन. 'प्लीज लॉग इन' सुटं, 'लॉगइन पेज' जोडून. 'वी विल बॅक अप द डेटा' सुटं, 'द बॅकअप फेल्ड' जोडून. बोलताना नामाचा जोर पुढे सरकतो, 'बॅक'वर येतो.

या नामांवरून आठवलं, तुमच्याकडे एक तयार साठा आहे जो तुम्ही मोजलेलाच नाही. फॉलोअप, बॅकअप, सेटअप, पिकअप, ब्रेकअप, चेकअप, वर्कआउट, लॉगआउट, टेकओव्हर, हँडओव्हर, लॉकडाउन, शटडाउन. यातले निम्मे शब्द तुमच्या आजीलाही माहीत असतील. प्रत्येकातून एक क्रियापद सुटं होतं: 'आय विल फॉलो अप विथ देम', 'कॅन यू सेट अप अ कॉल?', 'हू विल टेक ओव्हर फ्रॉम यू?'. नवीन काही पाठ न करता बोलायला सुरुवात इथून करा.

वहीबद्दल माझा आग्रह एवढाच की वाक्यं तुमच्या कामातली हवीत. 'द फायरमेन पुट आउट द फायर' हे वाक्य पुस्तकात छान आहे, पण तुमच्या सर्व्हर रूमला आग लागेपर्यंत तुम्हाला ते लागणार नाही. 'आय विल लुक इनटू द टिकेट अँड गेट बॅक टू यू बाय इव्हनिंग' हे तुम्ही उद्या सकाळी म्हणणार आहात. एका ओळीत दोन फ्रेजल व्हर्ब आले, तेही तुमच्या तोंडचे. आठवड्याला अशी पाच-सहा वाक्यं पुरेत, मात्र त्या आठवड्यात ती कॉलवर किंवा मेलमध्ये खरोखर वापरलीच पाहिजेत.

आणि सगळेच वापरायला हवेत असंही नाही. कळण्यासाठीचा साठा मोठा असू दे, बोलण्यासाठीचा छोटा चालतो. 'पुट ऑफ'च्या जागी तुम्ही 'पोस्टपोन' म्हणालात, 'लुक इनटू'च्या जागी 'इन्व्हेस्टिगेट' म्हणालात तर काहीही बिघडत नाही. इंग्रजीत अशा जोड्या पडल्या कारण खालचा थर तिथला घरचा आणि वरचा थर लॅटिन-फ्रेंचमधून आलेला. आपल्याकडे जसं परीक्षा 'पुढे ढकलली' हे बोलण्यात आणि 'स्थगित करण्यात येत आहे' हे परिपत्रकात, तसंच. कॉलवर सतत परिपत्रकासारखं बोललात तर जरा ताठ वाटाल, एवढंच. चूक कुणी म्हणणार नाही. अर्धवट येणारा फ्रेजल व्हर्ब चुकीच्या जागी ठोकण्यापेक्षा ताठ बोललेलं बरं, असं माझं मत आहे, आणि सगळे शिक्षक ते मान्य करणार नाहीत.

एका बाबतीत मात्र जपा: आपल्या भारतीय इंग्रजीत काही फ्रेजल व्हर्बचे अर्थ वेगळे रुळले आहेत. 'आय पास्ड आउट इन २०१९' याचा अर्थ आपल्याला लगेच कळतो. अमेरिकन माणसाला वाटेल की तुम्हाला त्या वर्षी चक्कर आली. हा वापर आपण हवेतून आणलेला नाही. ब्रिटिश सैन्यात प्रशिक्षण पूर्ण होण्याला 'पास आउट' म्हणतात, आणि खडकवासल्याच्या एनडीएतली 'पासिंग आउट परेड' त्याच वापराची. तरी क्लायंटशी बोलताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. सरकारी कार्यालयात फाइल 'पुट अप' होते, आपण पाहुण्याला 'व्हेअर आर यू पुट अप?' असं विचारतो, आणि तिकडे 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. आपल्या इंग्रजी पेपरांत हायकोर्ट पालिकेला 'पुल्स अप' करतं, म्हणजे झापतं. बाहेर 'पुल अप' म्हटलं की आधी गाडी येऊन थांबते. 'कोप अप विथ'मधला 'अप' आपण जास्तीचा घातला आहे, नुसतं 'कोप विथ' पुरतं. 'रिव्हर्ट बॅक'च्या जागी 'गेट बॅक टू यू' म्हणा. फॉर्म 'फिल अप' करण्यापेक्षा 'फिल आउट' करा, ब्रिटिश क्लायंट असेल तर 'फिल इन'. आणि हे तुमच्या चेन्नईच्या सहकाऱ्याशी बोलताना पाळायची काही गरज नाही. त्याला आणि तुम्हाला दोघांनाही 'पास आउट' व्यवस्थित कळतं.

राहिला प्रश्न ऐन कॉलवर काय करायचं याचा, कारण वरच्या तयारीला काही महिने जाणार आणि कॉल उद्या आहे. कळलं नाही की आपली माणसं दोनपैकी एक करतात: गप्प बसतात किंवा 'सॉरी?' म्हणतात. 'सॉरी?' म्हटलं की समोरचा तेच वाक्य त्याच वेगात पुन्हा म्हणतो आणि आपण होतो तिथेच राहतो. त्यापेक्षा तुम्हाला जे समजलं ते साध्या शब्दांत परत सांगा आणि विचारा. 'सो वी वेट, करेक्ट?' एवढं पुरतं. अवघड क्रियापद तुम्ही उच्चारायची गरजच नाही.

वेळा आणि तारखा बदलण्याच्या बोलण्यात तर हे न चुकता करा, कारण तिथे मुरलेली माणसंही फसतात. 'पुश बॅक द डेमो' म्हणजे डेमो पुढच्या तारखेला गेला. पण 'पुश बॅक ऑन द प्लॅन' म्हणजे प्लॅनला विरोध केला. 'मूव्ह इट अप' म्हणजे अमेरिकन माणसाच्या तोंडी अलीकडची तारीख, ब्रिटिश माणूस त्यालाच 'ब्रिंग इट फॉरवर्ड' म्हणतो, आणि आपलं 'प्रीपोन' दोघांनाही नवीन. तेव्हा तारीख बदलल्याचं कानावर आलं की क्रियापदाच्या वाटेला जाऊच नका, सरळ वार विचारा: 'सो इट्स थर्सडे नाउ, नॉट मंडे?'